थंडावा मोजून देणारा इंजिनिअर : विलिस कॅरियर

वाचकहो, वातानुकूलन यंत्र, म्हणजे आपल्या रोजच्या बोलण्यातला एसी, विकत घ्यायला गेलात तर दुकानदार पहिला प्रश्न करतो, एक टनाचा हवा की दीड टनाचा? गिऱ्हाईक यंत्राकडे पाहते आणि मनात म्हणते, हे धूड तर दोघा माणसांनी सहज उचलून आणले, मग यात टन कुठला? हा टन वजनाचा नव्हे. वातानुकूलन यंत्रे येण्यापूर्वी अमेरिकेत बर्फाच्या लाद्यांनी थंडावा करीत असत. दोन हजार पौंड बर्फ चोवीस तासांत वितळताना भोवतालची जेवढी उष्णता पिऊन घेतो, तेवढी उष्णता बाहेर काढण्याची ताकद म्हणजे एक टन. हिशेबाने ती ताशी १२,००० ब्रिटिश उष्णता एकके भरते; आजच्या मापात सुमारे साडेतीन किलोवॅट.

आपल्यापैकी पुष्कळांना असे वाटते की, ऐपत असेल तर मोठ्यात मोठे यंत्र घ्यावे, म्हणजे काळजी मिटली. पावसाळ्यात कोकणातल्या किंवा मुंबईतल्या एखाद्या लहान खोलीला दोन टनांचे साधे यंत्र लावून पाहा. पाच-सात मिनिटांत खोली गार होते, यंत्र आपोआप बंद पडते, आणि अंथरूण-पांघरूण मात्र दमट ते दमटच राहते. कारण यंत्र थांबले की हवेतले पाणी काढून घेण्याचे कामही थांबते. अंगावर काटा येतो, पण बरे वाटत नाही. थंडी निर्माण करणे हे एक काम आणि ती हवी तेव्हा, हवी तेवढीच देणे हे दुसरे काम. पहिले काम जगाला एकोणिसाव्या शतकातच साधले होते. फ्लोरिडातले डॉक्टर जॉन गोरी यांनी तापाच्या रोग्यांसाठी बर्फ करणारे यंत्र बनवून १८५१ मध्ये त्याचे पेटंट घेतले, पण भांडवल कोणी दिले नाही आणि १८५५ मध्ये ते निराश अवस्थेत वारले. जर्मनीत कार्ल फॉन लिंडे यांनी १८७० नंतरच्या दशकात अमोनियाची यंत्रे करून दाखवली. दुसरे काम मात्र पडून होते. ते ज्याने हाती घेतले, त्या विलिस हॅविलंड कॅरियर यांची ही हकीकत आहे.

विलिस यांचा जन्म २६ नोव्हेंबर १८७६ रोजी अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्यात, बफेलो शहराजवळच्या अँगोला या खेड्यात झाला. घर शेतकऱ्याचे. विलिस एकुलता एक मुलगा, आणि घरात बाकी सगळी मोठी माणसे. सोबतीला भावंडे नसल्यामुळे आपले खेळ आपणच शोधून काढायचे, अशी त्याला सवय लागली. आई एलिझाबेथ ही क्वेकर पंथाच्या घराण्यातली, आणि हाताने मोठी कसबी होती; घरातले बिघडलेले घड्याळ किंवा शिवणयंत्र ती स्वतः उघडून दुरुस्त करीत असे.

पालकांनी ही पुढची गोष्ट जरा सावकाश वाचावी. विलिस नऊ वर्षांचा होता तेव्हा शाळेत अपूर्णांक सुरू झाले आणि त्याला ते काही केल्या समजेनात. आपल्याकडे जुन्या पिढीने पावकी, निमकी, दिडकी घोकून पाठ केली. ज्याला पाठ झाली तो पुढे गेला, ज्याला झाली नाही त्याने छड्या खाल्ल्या. विलिसच्या आईने छडी घेतली नाही. तिने त्याला तळघरातून परातभर सफरचंदे आणायला सांगितली, ती अर्धी, पाव, आठवा हिस्सा अशी कापायला लावली, आणि मग त्या फोडींचीच बेरीज-वजाबाकी करून घेतली. अपूर्णांक म्हणजे पाटीवरची चिन्हे नव्हेत, हातात धरता येणारी वस्तू आहे, हे मुलाला त्या दिवशी उमगले. म्हातारपणीही कॅरियर ही आठवण सांगत. कोणताही अवघड प्रश्न आधी कापून लहान करावा, मग एकेक फोड सोडवावी, हे त्यांचे पुढच्या आयुष्यातले सूत्र या सफरचंदांतूनच आले होते. विलिस अकरा वर्षांचा असताना ही आई वारली.

पुढे १८९३ मध्ये अमेरिकेत मोठी मंदी आली. शेतमालाला भाव उरला नाही, शेत गहाण पडले. मुलगा हुशार, कॉलेजात जाण्याची त्याची जिद्द, आणि घरात पैसा नाही; हे चित्र आपल्या वाचकांना अनोळखी नसावे. विलिसने शाळा संपवून काही काळ स्वतः शाळामास्तरकी केली. गाई पिळणे, शेताची कामे चालूच होती. मग बफेलोच्या मोठ्या हायस्कुलात जाऊन राहिलेला अभ्यास भरून काढला आणि स्पर्धा-परीक्षेत कॉर्नेल विद्यापीठाची शिष्यवृत्ती मिळवली. १८९७ मध्ये ते कॉर्नेलला दाखल झाले. शिष्यवृत्तीतून फी भागली; जेवणाखाणाचे आणि राहण्याचे पैसे त्यांनी लोकांच्या हिरवळी कापून, भट्ट्यांत कोळसा भरून आणि खाणावळीत वाढप्याचे काम करून मिळवले. शेवटच्या वर्षी तर विद्यार्थ्यांचे कपडे धुण्याची एक सहकारी लाँड्रीच त्यांनी काढली. १९०१ मध्ये इंजिनिअर होऊन ते बाहेर पडले आणि बफेलो फोर्ज या कंपनीत आठवड्याला दहा डॉलर पगारावर रुजू झाले.

ही कंपनी पंखे, बंब, वाफेच्या नळ्यांनी हवा गरम करण्याची यंत्रे बनवीत असे. लाकूड वाळवणे, कॉफी वाळवणे अशी कामे असत. नव्या इंजिनिअरच्या लक्षात पहिल्याच महिन्यांत एक गोष्ट आली. यंत्र किती मोठे करायचे, हे कोणालाच नक्की ठाऊक नव्हते. जुनी कोष्टके अपुरी होती, म्हणून प्रत्येक जण अंदाजाने एक आकडा धरी आणि धोका नको म्हणून त्यावर आणखी थोडे चढवी. कॅरियर यांनी रात्री स्वतःच्या वेळात प्रयोग सुरू केले : वाफेच्या नळ्यांवरून अमुक वेगाने हवा सोडली तर ती नेमकी किती उष्णता उचलते? त्यांच्या कोष्टकांमुळे पहिल्याच हिवाळ्यात कंपनीचे सुमारे ४०,००० डॉलर वाचले, असे नमूद आहे. मग कंपनीने त्यांना प्रयोगशाळाच काढून दिली. अंदाजाच्या जागी मोजमाप आणणे, हा त्यांचा स्वभाव येथेच पक्का झाला.

१९०२ च्या उन्हाळ्यात ब्रुकलिनच्या सॅकेट-विल्हेल्म्स या छापखान्याची अडचण त्यांच्यापर्यंत आली. हा छापखाना रंगीत काम करी. त्या काळचे प्रसिद्ध विनोदी साप्ताहिक ‘जज’ तिथे छापले जाई. ज्यांना छापखान्याची माहिती आहे त्यांना हे लगेच कळेल. रंगीत चित्रात एकेक रंग वेगळा चढतो. पिवळा आज चढवला आणि लाल उद्या, तर दरम्यान हवा दमट होऊन कागद किंचित फुगतो, लाल रंग पिवळ्यावर बरोबर बसत नाही, आणि चित्रातल्या बाईचे ओठ गालावर जातात. कागद वाया, शाई वाया, अंक उशिरा. मालकांना थंडावा नको होता. त्यांना हवेतला दमटपणा वर्षभर एकसारखा हवा होता.

कॅरियर यांनी उत्तर काढले. १७ जुलै १९०२ ही तारीख घातलेले त्यांचे आराखडे प्रसिद्ध आहेत. नळ्यांच्या दोन रांगा. एकीतून खोल विहिरीचे गार पाणी, दुसरीतून अमोनियाच्या यंत्राचा थंडावा. त्यांवरून पंख्याने हवा सोडायची. गार लोट्यावर बाहेरून थेंब जमतात तसे हवेतले पाणी नळ्यांवर जमते आणि गळून जाते. हिवाळ्यात ७० अंश फॅरनहाइट, उन्हाळ्यात ८० अंश, आणि आर्द्रता बारा महिने ५५ टक्के, अशी अट होती. या सगळ्याचा थंडावा रोज १,०८,००० पौंड बर्फ वितळण्याइतका, म्हणजे ५४ टन होता. आजची दीड टनाची छत्तीस घरगुती यंत्रे एकत्र केली तर तेवढी होतील. आधुनिक वातानुकूलनाची सुरुवात या कामापासून मोजतात. गंमत अशी की ही सारी सोय कागदासाठी होती. माणसांना गार वाटले ते अनायासे.

कॅरियर यांचे स्वतःचे मात्र समाधान झाले नव्हते. नळ्यांवर किती पाणी जमेल यावर त्यांचा हवा तेवढा ताबा नव्हता. त्याच वर्षी थंडीच्या तोंडावर एका रात्री ते पिट्सबर्गच्या स्टेशनात गाडीची वाट पाहत होते. फलाटावर दाट धुके उतरले होते. गाडीची वाट पाहताना आपण घड्याळ पाहतो. कॅरियर धुके पाहत बसले. विद्यार्थिमित्रांनो, त्या धुक्यात त्यांना काय दिसले ते नीट समजून घ्या, कारण पुढचे सगळे त्यावर उभे आहे.

धुके म्हणजे पाण्याने काठोकाठ भरलेली हवा. पण हवेचे भांडे सगळ्या हवामानात सारख्या आकाराचे नसते. ३० अंश सेल्सियसला एक घनमीटर हवेत सुमारे ३० ग्रॅम पाण्याची वाफ मावते. १० अंशाला फक्त ९ ग्रॅमच्या आसपास. म्हणजे धुक्यातली हवा भरलेली दिसली तरी थंड असल्यामुळे तिच्यात पाणी फार थोडे असते. तीच हवा पुढे गरम केली तर ती कोरडी ठरते. मग, कॅरियर यांनी विचार केला, आपणच हवे त्या तापमानाचे धुके तयार केले तर? हवेला पाण्याच्या बारीक फवाऱ्यातून न्यायचे. पाणी थंड असेल तर जास्तीची वाफ फवाऱ्याच्या थेंबांवरच जमून खाली पडेल, आणि बाहेर येणाऱ्या हवेत नेमके तेवढेच पाणी राहील, जेवढे त्या तापमानाला मावते. फवाऱ्याचे तापमान बदलले की हवेतल्या पाण्याचे प्रमाण बदलले. गाडी येईपर्यंत त्यांचा विचार पुरा झाला होता.

हवा वाळवण्यासाठी तिच्यावर पाणी मारायचे! ऐकणारे हसले यात नवल नाही. पण यंत्र चालले, आणि २ जानेवारी १९०६ रोजी हवेवर प्रक्रिया करण्याच्या उपकरणाचे पेटंट त्यांना मिळाले. त्याचा क्रमांक ८०८,८९७. त्याच वर्षी उत्तर कॅरोलिनातील स्टुअर्ट क्रेमर नावाच्या गिरणी-इंजिनिअरने ‘एअर कंडिशनिंग’ हा शब्द काढला. नाव त्याचे, काम कॅरियर यांचे.

पुढची पायरी सूत आणि रेशमाच्या गिरण्यांत पडली. मालेगाव-भिवंडीच्या ज्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या माग चालत आले, त्यांना हे वेगळे सांगायला नको की, हवा कोरडी झाली की ताणा तटातट तुटतो. जुने विणकर जमिनीवर पाणी शिंपडून कारखाना ओलसर ठेवीत, ते याचसाठी. गिरणीत आणखी एक अडचण : हजारो चात्या फिरताना स्वतः उष्णता निर्माण करतात. यंत्रे चालू झाली की तापमान चढते, बंद झाली की उतरते, आणि आर्द्रता त्याबरोबर नाचते. तिला धरून ठेवायचे कसे? आर्द्रता मोजायला त्या वेळी माणसाचा केस ताणून केलेली साधने असत, ती बेभरवशाची.

१९०६ मध्ये न्यूयॉर्क राज्यातील एका रेशीम गिरणीचे काम करताना कॅरियर यांच्या ध्यानात आले की, खोलीचे तापमान आणि हवेचा दवबिंदू (ज्या तापमानाला तिच्यातली वाफ दव होऊन जमू लागते तो बिंदू) यांत ठरावीक अंतर राखले, की आर्द्रता जवळजवळ तीच राहते. हिशेब करून पाहा. खोली २४ अंश आणि दवबिंदू साडेचौदा असेल तर आर्द्रता ५५ टक्के येते. खोली २८ अंशांवर गेली आणि दवबिंदूही तेवढाच वाढवून साडेअठरावर नेला, तर आर्द्रता ५६ टक्के. फरक नगण्य. म्हणजे आर्द्रता मोजायची गरजच उरली नाही! एक तापमापक-नियंत्रक खोलीत, दुसरा फवाऱ्यातून बाहेर पडणाऱ्या काठोकाठ भरलेल्या हवेत, आणि दोघांतले अंतर कायम. फवाऱ्याच्या पाण्यात थंड पाणी किती मिसळायचे हे झडप आपोआप ठरवणार. या दवबिंदू-नियंत्रणाचे पेटंट १९१४ मध्ये मिळाले. मला विचाराल तर कॅरियर यांच्या सगळ्या शोधांत हाच सर्वांत मोलाचा. नुसता थंडावा पुष्कळांनी केला होता. गरजेप्रमाणे स्वतःहून कमी-जास्त होणारा थंडावा येथून सुरू झाला. १९०७ मध्येच जपानच्या योकोहामा येथील रेशीम गिरणीने त्यांचे यंत्र मागवले होते.

हे सगळे ज्ञान पेटीत कुलूपबंद ठेवून त्यावर आयुष्यभर कमाई करता आली असती. कॅरियर यांनी डिसेंबर १९११ मध्ये अमेरिकन मेकॅनिकल इंजिनिअरांच्या संस्थेपुढे निबंध वाचून आपली सूत्रे आणि आलेख जगासाठी खुले केले. सायक्रोमेट्रिक चार्ट म्हणतात तो हाच. आयटीआयच्या रेफ्रिजरेशनच्या वर्गात आजही तो शिकवला जातो. आपल्यातले कितीतरी तरुण हे काम शिकून मुंबईत आणि आखातात पोट भरतात. हातात पाना आणि खांद्यावर गॅसचा सिलिंडर घेतलेल्या मुलाला लोक मेकॅनिक म्हणून बाजूला सारतात. पण तो आलेख ज्याला वाचता येतो, त्याला खोलीत शिरल्यावर किती टन लागतील, त्यातले किती हवा गार करायला आणि किती पाणी काढायला जातील, हे कागदावर मांडून दाखवता येते. ज्याला येत नाही तो यंत्र बदलत बसतो. अडचण एवढीच आहे की आपली मुले तो पाठ गाळून परीक्षा देतात, आणि पालकांना त्याचे नावही ठाऊक नसते.

कॅरियर यांचा स्वभाव फार विसराळू होता. प्रवासाला भली मोठी बॅग घेऊन निघाले आणि मुक्कामी उघडली तर आत नुसता एक हातरुमाल, असा किस्सा त्यांच्याविषयी सांगतात. पण कामाच्या बाबतीत अपयश त्यांनाही चुकले नव्हते. बफेलो फोर्जमध्ये असताना मिसुरी राज्यातील एका काच कारखान्यात त्यांनी बसवलेले गॅस शुद्ध करण्याचे यंत्र नीट चालेना. पोटात गोळा आला, झोप उडाली. मग त्यांनी शांत बसून विचार केला की वाईटात वाईट काय होईल? कंपनीचे २०,००० डॉलर बुडतील, आपली नोकरी जाईल, दुसरी मिळेल. एवढे मनाने पत्करल्यावर झोप लागली आणि डोके चालू लागले. आणखी ५,००० डॉलरची जोड-यंत्रे बसवल्यास काम होईल असे आढळले, आणि तोटा होण्याऐवजी कंपनीला १५,००० डॉलर मिळाले. ही हकीकत डेल कार्नेगी यांनी काळजीवरच्या आपल्या १९४८ च्या पुस्तकात घातली, आणि इंजिनिअर नसलेल्या लाखो लोकांना कॅरियर हे नाव तेथून कळले.

पहिल्या महायुद्धाच्या सुरुवातीला बफेलो फोर्जने हा नवा विभाग बंद करण्याचे ठरवले. तेव्हा कॅरियर आणि त्यांचे सहा सहकारी यांनी आपली शिल्लक एकत्र केली, ३२,६०० डॉलर, आणि जून १९१५ मध्ये कॅरियर इंजिनिअरिंग कॉर्पोरेशन काढली. या सातांत आयर्विन लाइल हे माल विकण्यात वाकबगार होते. कॅरियर यांना ते अंग नव्हते आणि त्यांना ते माहीत होते.

नव्या कंपनीपुढचा मोठा अडथळा कॉम्प्रेसरचा होता. त्या वेळचे अमोनियाचे कॉम्प्रेसर म्हणजे दट्ट्यांची अजस्र धुडे. जागा फार खाणारी, आणि गळती झाली तर विषारी वायू. गिरणीच्या मागच्या शेडमध्ये ते चालून जाई, पण माणसांनी भरलेल्या इमारतीत? कॅरियर यांनी दट्ट्या सोडून दिला आणि पाण्याच्या सेंट्रिफ्यूगल पंपासारखे, चाकाच्या वेगाने वायू दाबणारे यंत्र योजले. त्यात घालायला डायलीन नावाचा, जर्मनीत साफसफाईला वापरला जाणारा द्रव शोधला. मे १९२२ मध्ये न्यू जर्सीतील नेवार्क येथे हे यंत्र लोकांना दाखवले. १९२४ मध्ये डेट्रॉइटच्या हडसन या मोठ्या दुकानाने १९५ टनांची तीन यंत्रे बसवली. त्यांच्या तळघरातल्या स्वस्त मालाच्या विक्रीला एवढी झुंबड उडे की उकाड्याने गिऱ्हाइकांना घेरी येई.

मग आली सिनेमागृहे, आणि येथे थंडावा कमी-जास्त करण्याचा प्रश्न खऱ्या अर्थाने डोके वर काढतो. गिरणीतल्या चात्या ठरलेल्या वेळी चालतात. सिनेमाला मात्र दुपारी दोनशे माणसे असतात आणि रात्री दोन हजार. बसलेला प्रत्येक माणूस सुमारे शंभर वॅटच्या दिव्याइतकी उष्णता आणि शिवाय घाम-श्वासातून वाफ बाहेर टाकतो. पूर्ण भरलेल्या सभागृहासाठी केलेले यंत्र अर्ध्या सभागृहावर पूर्ण ताकदीने सोडले तर लोक कुडकुडतात. तशी सिनेमागृहे शिकागोकडे होतीच. खुर्च्यांखालून थंड हवा सोडत, आणि प्रेक्षक पायांना वर्तमानपत्रे गुंडाळून चित्रपट पाहत. कॅरियर यांचे सहकारी लोगन लुईस यांनी युक्ती काढली. हवा वरच्या छतातून सावकाश उतरवायची आणि खाली खुर्च्यांपाशी परत ओढायची. परत आलेल्या हवेपैकी काही भागच थंड करायचा. उरलेली तशीच बगल देऊन आणायची आणि थंड हवेत मिसळायची. गर्दी वाढली की थंड हिस्सा जास्त, ओसरली की बगलेचा हिस्सा जास्त. पूर्वी सगळी हवा गार करून पुन्हा कोळसा जाळून ती कोमट करीत, तो दुहेरी खर्च वाचला.

सेंट्रिफ्यूगल यंत्राची स्वतःची एक खोड आहे, ती या कामात पडणाऱ्या मुलांनी लक्षात ठेवावी. त्यावरचा भार फार कमी झाला तर दाबलेला वायू उलटा फिरतो आणि यंत्र गुरगुरू लागते. म्हणून चाकाचा वेग कमी करणे, किंवा तोंडाशी वळणाऱ्या पात्यांची झडप लावून आत जाणारा वायू आवरणे, अशा तऱ्हा पुढे रूढ झाल्या. दट्ट्याच्या यंत्रात काही सिलिंडर मोकळे सोडून देतात. युक्त्या निरनिराळ्या, हेतू एकच : यंत्र बंद-चालू न करता त्याची ताकद गरजेइतकी उतरवणे.

न्यूयॉर्कमधील टाइम्स स्क्वेअरचे रिव्होली हे मोठे सिनेमागृह १९२५ मध्ये ठरले. शहराच्या सुरक्षा अधिकाऱ्याने परवानगी नाकारली. नवा द्रव पेट घेईल अशी त्याला शंका. कॅरियर त्याच्या कचेरीत गेले, एका भांड्यात डायलीन ओतले आणि त्यात पेटती काडी टाकली. द्रव सावकाश जळत राहिला, भडका उडाला नाही. परवानगी मिळाली. (हा प्रयोग घरी कोणी करू नये, डायलीन या कामासाठी केव्हाच मागे पडले आहे.) मे महिन्याच्या अखेरच्या सुट्टीत उद्घाटन होते. आदल्या रात्रभर कॅरियर आणि त्यांची माणसे यंत्र जुळवीत होती. दारावर गर्दी लोटली, बहुतेक बायकांच्या हातात पंखे. चित्रपट कंपनीचे मालक अ‍ॅडॉल्फ झुकर स्वतः बाल्कनीत येऊन बसले. यंत्र उशिरा सुरू झाल्यामुळे सभागृह आधीच तापले होते. दोन हजार पंखे हलत होते, आणि कॅरियर मागे उभे राहून ते पंखे पाहत होते. हळूहळू एक पंखा थांबला, मग दुसरा. मग रांगाच्या रांगा स्तब्ध झाल्या. जे लोक सवयीने वारा घेत राहिले होते, त्यांनीही शेवटी पंखे मांडीवर ठेवले. खेळ संपल्यावर झुकर यांनी लोकांना हे आवडणार, असा थोडक्यात निर्वाळा दिला. पाच वर्षांत अमेरिकेतील सुमारे तीनशे सिनेमागृहांनी कॅरियर कंपनीची यंत्रे बसवली. मुंबईचे १९३३ मध्ये उघडलेले रीगल हे वातानुकूलित सिनेमागृह याच लाटेतले.

१९२९ पर्यंत अमेरिकन संसदेची दोन्ही सभागृहे थंड झाली. १९२८ मध्ये घरगुती यंत्रही निघाले होते, पण लगेच आलेल्या जागतिक मंदीने ते बुडवले आणि कंपनीलाही जेरीस आणले. १९३० मध्ये इतर दोन कंपन्यांशी विलीनीकरण झाले. १९३७ मध्ये सारा कारभार सिरॅक्यूज शहरात एकत्र आला. संसारातही घाव बसले : पहिल्या दोन पत्नी वारल्या, तिसरे लग्न १९४१ मध्ये झाले. दोन दत्तक मुलगे होते.

मंदीच्याच काळात त्यांनी उंच इमारतींचा प्रश्न सोडवला. पन्नास मजली इमारतीत उन्हाची बाजू तापते आणि सावलीची गारठते. शिवाय हवेचे जाड नळ नेले तर भाड्याच्या जागाच उरत नाहीत. १९३९ च्या सुमारास आलेल्या त्यांच्या पद्धतीत बारीक नळांतून अतिवेगाने थोडीच हवा खोलीपर्यंत न्यायची, आणि खिडकीखालच्या पेटीत पाण्याच्या नळ्यांवरून खोलीचीच हवा फिरवायची, अशी योजना होती. पेटीची झडप त्या खोलीतल्या माणसाच्या हाती. म्हणजे थंडाव्याचा ताबा तळघरातल्या इंजिनिअरकडून टेबलाशी बसलेल्या कारकुनाकडे आला.

या यंत्रांची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. एसी थंडी निर्माण करीत नाही. आतली उष्णता उचलून बाहेर टाकतो, आणि बाहेर रस्त्यावर कोणीतरी उभा असतोच. कॅरियर यांच्या हयातीतच आलेल्या फ्रिऑन वायूंनी आकाशातल्या ओझोनच्या थराला इजा केली, म्हणून १९८७ च्या माँट्रियल कराराने ते हटवावे लागले. वीजही बेसुमार लागते. त्यामुळेच जी गोष्ट १९०६ मध्ये रेशमाच्या धाग्यासाठी हवी होती, ती आज विजेच्या बिलासाठी हवी आहे. इन्व्हर्टर म्हणून जी यंत्रे विकली जातात, त्यांत कॉम्प्रेसर बंद-चालू होत नाही, त्याचा वेग भाराप्रमाणे उतरतो-चढतो. खरेदी करताना टनांबरोबर एवढे विचारून घ्यावे : हे यंत्र किती कमी ताकदीवर चालू शकते? खोलीचा हिशेब न करता मोठे यंत्र गळ्यात मारणारा दुकानदार तुमचा फायदा पाहत नसतो.

दुसऱ्या महायुद्धात, साठी उलटल्यावर, कॅरियर यांनी क्लीव्हलंड येथील सरकारी वायुबोगद्याची थंड यंत्रणा उभी केली. उंच आकाशातल्या गारठ्यात विमानाची इंजिने कशी वागतात हे जमिनीवरच तपासायचे होते. त्यासाठी वादळी वेगाची हवा उणे ४७ अंश फॅरनहाइटपर्यंत उतरवावी लागे. हे काम १९४४ मध्ये सुरू झाले आणि आपल्या कामांत कॅरियर ते सर्वांत मोठे मानीत. पुढे हृदयविकाराने गाठले. १९४८ मध्ये ते निवृत्त झाले. घरोघरी खिडकीत यंत्रे दिसू लागण्याचा काळ तेव्हा कोठे उजाडत होता. ७ ऑक्टोबर १९५० रोजी न्यूयॉर्क शहरात त्यांचे निधन झाले. वय चौऱ्याहत्तरला थोडे कमी होते. बफेलोच्या दफनभूमीत, अँगोलाच्या त्या गहाण पडलेल्या शेतापासून वीसेक मैलांवर, त्यांना मूठमाती देण्यात आली.